हाक मारणाऱ्याच्या मुठीत काय आहे? : शोधशब्दांतील फसवणूक आणि इस्लामची शिकवण



काही महिन्यांपूर्वी मगरिबच्या नमाजनंतर आमच्या जमातीतील एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. तो संगणकाचे शिक्षण घेतलेला असून एका लहान कार्यालयात संकेतस्थळे सांभाळण्याची नोकरी करतो. घरी वृद्ध वडील आणि लग्नाची बहीण आहे. "मौलाना, एक मसला विचारायचा आहे," असे म्हणून त्याने आपल्या कामाचे स्वरूप सांगितले. त्याच्या मालकाच्या संकेतस्थळांवर जाहिराती लागतात आणि जितके लोक तेथे येतील तितके उत्पन्न वाढते. म्हणून लोक ज्या दिवशी जे शोधत असतील ते शब्द पानांवर पेरण्याचे काम त्याच्याकडे आहे. परीक्षांच्या दिवसांत "दहावी निकाल", शासनाची योजना जाहीर झाली की "लाभार्थी यादी", एखादी नामवंत व्यक्ती आजारी पडली की त्या व्यक्तीचे नाव. पानावर निकाल नसतो, यादीही नसते. इकडचे तिकडचे चार परिच्छेद आणि त्यांच्या मधोमध जाहिराती असतात.

"मौलाना, मी एकही खोटे वाक्य लिहीत नाही," तो म्हणाला. "निकाल येथे आहे, असे मी कोठेच म्हटलेले नाही. मी फक्त शब्द टाकतो. नुसता शब्द टाकणे म्हणजे खोटे बोलणे होते का?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. प्रश्न नवा होता, हे एक कारण. दुसरे कारण माझे स्वतःचे होते. ते या लेखात पुढे येईल. आज आपल्या अनेक घरांतील मुले-मुली याच क्षेत्रात रोजगार शोधत आहेत. म्हणून त्याला दिलेले उत्तर थोड्या विस्ताराने येथे मांडत आहे.

प्रश्नाचे स्वरूप

मोबाइलवर काही शोधताना आपण दोन-चार शब्द लिहितो. सर्च इंजिन त्या शब्दांशी जुळणारी पाने निवडून आपल्यापुढे ठेवते. या शब्दांना व्यवहारात कीवर्ड म्हणतात. आपण त्यांना शोधशब्द म्हणू. १९९० च्या दशकात संकेतस्थळाच्या पानामागे, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, त्या पानाचा विषय सांगणारे शब्द नोंदवून ठेवण्याची सोय होती. ग्रंथालयातील पुस्तकाच्या कार्डावर विषय लिहिलेला असतो, तशीच ही खूण होती. हेतू स्वच्छ होता. शोधणाऱ्याला त्याची वस्तू सापडावी, एवढाच.

परंतु अल्पावधीतच लोकांनी तेथे भलतेच शब्द भरण्यास सुरुवात केली. पान एका विषयाचे आणि खूण दुसऱ्याच लोकप्रिय विषयाची. काहींनी पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत शब्दांच्या रांगा लिहिल्या. यंत्राला त्या वाचता येत, माणसाला दिसत नसत. अखेर सप्टेंबर २००९ मध्ये गुगलने जाहीर केले, की पानांचा क्रम ठरवताना त्या जागी नोंदवलेल्या शब्दांचा आपण मुळीच विचार करीत नाही. सर्वांच्या सोयीसाठी केलेली एक खूण काहींच्या खोटेपणामुळे सर्वांसाठीच निरुपयोगी झाली. आदरणीय हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले आहे, की विकणारा आणि घेणारा खरे बोलले व वस्तूची स्थिती उघड केली तर त्यांच्या व्यवहारात बरकत येते, त्यांनी लपवाछपवी केली व खोटे बोलले तर ती बरकत पुसली जाते. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. बरकत पुसली जाणे म्हणजे काय, हे या उदाहरणातही दिसते.

ही सोय गेली तरी वृत्ती गेली नाही. आता तेच शब्द मथळ्यात, चित्रावर, व्हिडिओच्या नावात आणि टॅगमध्ये येतात. मसला तोच आहे.

आईने बाळाला मारलेली हाक

शोधशब्द म्हणजे हाक होय. रस्त्याने जाणाऱ्याला आपण हाक मारतो, की तुम्ही जे शोधत आहात ते माझ्याकडे आहे, इकडे या. तेव्हा हाक मारण्याविषयी दीनने काय शिकवले आहे, ते आधी पाहू.

अबू दाऊद यांच्या संग्रहात आदरणीय अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) यांनी आपल्या बालपणाची आठवण सांगितली आहे. एके दिवशी प्रेषित (स.) त्यांच्या घरी बसलेले असताना त्यांच्या आईने त्यांना हाक मारली, की ये, तुला काही देते. प्रेषितांनी त्या माउलीला विचारले, की तिच्या मनात काय द्यायचे होते. तिने खजूर द्यायचा विचार असल्याचे सांगितले. तेव्हा प्रेषित (स.) यांनी फर्मावले, की तिने काहीच दिले नसते तर तिच्या नावे एक खोटे लिहिले गेले असते.

या प्रसंगाचा नीट विचार करावा. येथे खरेदी-विक्री नाही, पैसा नाही, करार नाही. हाक मारणारी आई आहे आणि ऐकणारे तिचेच मूल आहे. मुलाचे नुकसान काय, तर अंगणातून घरापर्यंत चालण्याचे श्रम आणि क्षणभराची निराशा. एवढ्यासाठीही हाक मारणाऱ्याच्या मुठीत काही आहे का, असा प्रश्न विचारला गेला. मग हजारो अनोळखी माणसांना एकाच वेळी हाक मारणाऱ्याला तो विचारला जाणार नाही काय?

"संकेतस्थळ पाहायला पैसे पडत नाहीत, मग फसवणूक कशाची?" असे काही जण म्हणतात. त्यांना या हदीसमध्ये उत्तर आहे. शिवाय ते पान खऱ्या अर्थाने फुकटही नसते. वाचक आपला वेळ आणि लक्ष देतो आणि मालक तेच जाहिरातदाराला विकतो. ज्या जाहिरातदाराला आपल्या वस्तूत रस असलेला ग्राहक हवा होता, त्याच्यापुढे वाट चुकून आलेला, वैतागलेला माणूस उभा केला जातो. म्हणजे एकाच शब्दाने दोघांची फसवणूक होते.

बांधून ठेवलेली कास

आता त्या तरुणाच्या मूळ शंकेकडे वळू. वाक्य खोटे नाही, फक्त शब्द आहे. मग ते खोटे कसे?

अरबस्तानात काही विक्रेते शेळी, मेंढी किंवा उंटीण विकायला नेण्यापूर्वी दोन-तीन दिवस तिची धार काढत नसत. कास फुगून भरलेली दिसे. घेणाऱ्याला वाटे, की जनावर भरपूर दुधाचे आहे. घरी नेऊन एक-दोनदा धार काढली, की खरी स्थिती कळे. फिक्हमध्ये या कृतीला तसरिया म्हणतात. आदरणीय अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी हे करण्यास मनाई केली आणि असे जनावर घेणाऱ्याला ते ठेवण्याचा किंवा एक साअ खजुरासह परत करण्याचा अधिकार दिला. परत करण्याच्या तपशिलात शाफिई आणि हनफी विद्वानांचे मत भिन्न आहे. परंतु हे कृत्य फसवणूक आहे, यात कोणाचेही दुमत नाही.

विक्रेत्याने येथे एकही शब्द उच्चारलेला नाही. "ही रोज इतके दूध देते," असे तो म्हणाला नाही. त्याने फक्त कास फुगू दिली आणि समोरच्याच्या डोळ्यांना जो अर्थ लागायचा तो लागू दिला. शरीअतने त्याची जीभ पाहिली नाही. त्याने समोरच्याच्या मनात जाणूनबुजून कोणती समजूत निर्माण केली, ते पाहिले. बातमी नसलेल्या पानावर बातमीचे शब्द ठेवणे हे त्या फुगलेल्या कासेसारखेच आहे.

सहीह मुस्लिममधील धान्याच्या राशीची हदीस आपण अनेकदा ऐकली आहे. प्रेषितांनी बाजारात एका राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. प्रेषितांनी विचारले, की लोकांना दिसेल असे ते ओले धान्य वर का ठेवले नाही. आणि जो फसवतो तो आपल्यातील नाही, असा कठोर इशारा दिला. त्या माणसाने पाऊस पाडला नव्हता आणि रास कोरडी असल्याचा दावाही केला नव्हता. वर एक आणि आत दुसरे, एवढाच त्याचा अपराध होता. मथळ्यात एक आणि मजकुरात दुसरे, हीच आजची रास आहे.

वस्तूचा दोष झाकण्याला आपले विद्वान तद्लीस म्हणतात. हाच शब्द हदीसशास्त्रातही आहे. एखादा कथनकर्ता मधला दुवा गाळून, आपण थेट अमुक गुरूकडून ऐकले असावे असा भास होईल अशी शब्दरचना करी. उघड खोटे मात्र बोलत नसे. बसऱ्याचे महान हदीसतज्ज्ञ शुअबा बिन हज्जाज (रह.) यांनी अशा तद्लीसला खोटेपणाचे भावंड ठरवले होते. ज्या उम्मतच्या विद्वानांनी शब्दांतून निर्माण होणारा भासही इतक्या बारकाईने तपासला, तिच्या मुलांनी "मी फक्त शब्द टाकला" असे म्हणावे, हे शोभणारे नाही. दिव्य कुरआनने सूरह अल्-बकराच्या ४२ व्या आयतीत सत्याची असत्याशी सरमिसळ करू नये आणि जाणूनबुजून सत्य लपवू नये, असा आदेश दिला आहे. शब्द खरा, जागा खोटी, ही सरमिसळच नाही काय?

शोधणारा कोण असतो?

आकडे पाहणाऱ्याला माणूस दिसत नाही. पडद्यावर "आज इतके लोक आले" एवढेच उमटते. त्या प्रत्येक आकड्यामागे कोणी तरी काही मागत असतो. रात्री तापाने फणफणलेल्या बाळासाठी उपाय शोधणारी आई, योजनेच्या यादीत आपले नाव आहे का हे शेजारच्या मुलाकडून पाहून घेणारी विधवा, निकालाच्या दिवशी हातपाय गार पडलेली मुलगी. शोधणारा बहुधा गरजू असतो, आणि गरज जितकी मोठी तितका तो शब्द अधिक लोक शोधतात. म्हणजे ज्या शब्दावर कमाई जास्त, त्याच शब्दामागे बहुधा अगतिकताही जास्त असते.

सूरह अज्-जुहाच्या १० व्या आयतीत अल्लाहने आपल्या प्रेषितांना फर्मावले आहे, की मागणाऱ्याला झिडकारू नये. मूळ शब्द "साइल" आहे. त्याचा अर्थ मागणारा आणि विचारणाराही होतो. काही भाष्यकारांनी यात ज्ञान विचारणाऱ्याचाही समावेश केला आहे. शोधपेटीत शब्द लिहिणारा साइल आहे. त्याला झिडकारू नये, हा आदेश आहे. मग त्याला बोलावून घेऊन रिकाम्या हाताने परत पाठवणे किती गंभीर ठरेल!

त्यात आणखी एकाचे नुकसान होते. ज्याने कष्टाने खरी माहिती लिहिली, त्याचे पान अशा कोलाहलात खाली ढकलले जाते. मदयनवासीयांना प्रेषित शुऐब (अलै.) यांनी माप पूर्ण भरण्याबरोबरच लोकांच्या वस्तू कमी न करण्याचीही ताकीद दिली होती. ती सूरह अल्-अअराफच्या ८५ व्या आयतीत आणि इतरत्रही आली आहे. प्रामाणिक माणसाकडे जाणारा वाचक खोट्या खुणेने आपल्याकडे वळवणे हेही त्याचा वाटा कमी करणेच आहे.

हेतू चांगला असेल तर?

येथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. त्या तरुणापासून मी ती पहिल्या दिवशी लपवली होती.

आमच्या मकतबच्या वतीने आम्ही दर आठवड्याचा दर्स ध्वनिचित्रमुद्रित करून इंटरनेटवर ठेवतो. ऐकणारे फार थोडे असत. एका उत्साही स्वयंसेवकाने सुचवले, की "सूरह यूसुफमधील सब्र" असे नाव दिले तर कोणी उघडणार नाही. लोक काय शोधतात ते पाहून नाव द्यावे. त्याने नाव दिले, "हा वजीफा वाचा, तीन दिवसांत नोकरी". मी पाहिले आणि गप्प राहिलो. मनाशी म्हणालो, लोक वजीफ्यासाठी येतील आणि कुरआन ऐकून जातील. यात वाईट काय? ऐकणाऱ्यांची संख्या खरोखर अनेक पटींनी वाढली. मला आनंद झाला, हे मी कबूल करतो.

मग एके दुपारी एका वयस्क भगिनीचा फोन आला. मुलगा दोन वर्षे घरी बसून होता. अतिशय अदबीने त्या म्हणाल्या, "मौलानासाहेब, मी तुमचा दर्स दोनदा शेवटपर्यंत ऐकला. वजीफा कोठे आला, ते माझ्या ध्यानात आले नाही. माझेच लक्ष चुकले असेल. तेवढे शब्द मला सांगता का?"

त्यांना फसवल्याचा संशयही आला नव्हता. मिंबरवर उभा राहणारा माणूस फसवील, हे त्यांच्या मनाला शिवले नाही, म्हणून त्यांनी दोष स्वतःकडे घेतला. मी त्यांची माफी मागितली आणि त्या दिवशीच नाव बदलले. ऐकणारे पुन्हा मूठभर झाले.

"पण काम तर चांगलेच होते," या युक्तिवादाला आपल्या इतिहासात फार जुने उत्तर आहे. मर्वचे काझी नूह बिन अबी मरयम यांच्याविषयी हदीसशास्त्राच्या ग्रंथांत नोंद आहे, की त्यांनी कुरआनच्या एकेका सूरहच्या पुण्याविषयी हदीस रचल्या. कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की लोक कुरआन सोडून फिक्हच्या आणि युद्धवृत्तांतांच्या नादी लागलेले दिसले, म्हणून त्यांना कुरआनकडे वळवण्यासाठी हे केले. हेतू पाहा, किती पवित्र! लोकांनी कुरआन वाचावा, एवढीच इच्छा. तरीही हदीसतज्ज्ञांनी त्यांची कथने स्वीकारली नाहीत. प्रेषितांच्या नावावर जाणूनबुजून खोटे रचणाऱ्याला नरकाग्नीचा इशारा आहे, आणि त्यात चांगल्या हेतूसाठी सवलत ठेवलेली नाही. माझा अपराध त्या कोटीचा नव्हता. पण वाट तीच होती. लोकांना कुरआनकडे आणण्यासाठी मी त्यांना न मिळणाऱ्या फळाचे नाव सांगितले होते.

एका विद्यार्थ्याने मला विचारले, "प्रेषितांनीही सफा टेकडीवर चढून शत्रू चालून आल्यावर देतात तशी हाक दिली होती ना? लोक जमले ते हल्ल्याच्या भीतीने." शंका चतुर आहे, म्हणून तिचे उत्तर द्यायला हवे. ती हाक धोक्याची होती आणि प्रेषितांनी धोक्याचीच सूचना दिली. समोर असलेल्या कठोर शिक्षेविषयी त्यांनी आपल्या लोकांना सावध केले. हाकेचा अर्थ आणि सांगितलेली गोष्ट यांत अंतर नव्हते. धोका लोकांना वाटला त्याहून मोठा होता, इतकेच. आणि ती सूचना देण्यापूर्वी त्यांनी लोकांना विचारले, की टेकडीपलीकडे घोडदळ आहे असे सांगितले तर तुम्ही विश्वास ठेवाल का. लोकांनी कबूल केले, की तुमच्याकडून सत्यावाचून काही अनुभवले नाही. बुखारीच्या संग्रहातील या प्रसंगात हाकेचे बळ कशात होते, ते स्पष्ट दिसते. आयुष्यभराचे सत्य त्या हाकेमागे उभे होते. सूरह अन्-नहलच्या १२५ व्या आयतीत आपल्या पालनकर्त्याच्या मार्गाकडे हिकमतीने बोलावण्याचा आदेश आहे. हिकमत म्हणजे शहाणपण. युक्तीने फसवणे म्हणजे हिकमत नव्हे.

काय वैध, काय अवैध?

शोधशब्द वापरणे मुळात निषिद्ध नाही. दुकानावर पाटी लावणे जसे वैध आहे, तसेच हेही. प्रश्न पाटीच्या खरेपणाचा आहे. म्हणून काही गोष्टी वेगळ्या करून सांगतो.

१. आपल्या पानावर जे खरोखर आहे त्याचे नाव लोक ज्या ज्या प्रकारे लिहितात ते सर्व प्रकार नोंदवणे वैध आहे. कोणी नमाज लिहितो, कोणी नमाझ, कोणी सलात. तिन्ही शब्द ठेवावेत. यात शोधणाऱ्याची सोय आहे.

२. मथळा आकर्षक असण्यास हरकत नाही. तो मजकुराने पूर्ण केला पाहिजे, एवढीच अट आहे.

३. ज्या विषयाचे उत्तर पानावर नाही त्याचे शब्द, न दिसणाऱ्या अक्षरांत लिहिलेले शब्द, गर्दी खेचण्यासाठी घातलेली प्रसिद्ध व्यक्तींची नावे, जुन्या बातमीवर घातलेली नवी तारीख, ही सर्व तद्लीसची रूपे आहेत.

४. दुसऱ्या व्यापाऱ्याचे नाव शोधणाऱ्याला आपण तेच आहोत असा भास करून देणे दुहेरी अपराध आहे. त्यात ग्राहकाची फसवणूक आहे आणि व्यापारी बंधूचे नुकसानही. प्रामाणिक तुलना करणे वेगळे.

५. काही ठिकाणी मन साशंक होईल. तेथे आदरणीय हसन बिन अली (रजि.) यांनी कथन केलेली शिकवण धरावी : शंका उत्पन्न करणारी गोष्ट सोडून निःशंक गोष्टीकडे वळावे.

एक साधी कसोटी सांगतो. हा शब्द लिहून आलेला माणूस आपले पान वाचून उठताना "मला हवे ते मिळाले" असे म्हणेल का? म्हणणार असेल तर शब्द ठेवावा, नसेल तर काढावा.

जगाचा कायदाही आता याच दिशेने येत आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गुगलने काही दिवस आपल्या यादीतून वगळले होते. सर्च इंजिनला एक पान आणि माणसाला दुसरे दाखवले जात होते. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या आधारे जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि त्यांत आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींचाही विचार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसव्या रचनांचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले गेले; एक दाखवून दुसरेच देणे हा त्यांतील एक. डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने भारतात मथळ्यात एक आणि आत दुसरेच असलेल्या व्हिडिओंवर कारवाई कडक करण्याचे जाहीर केले. तथापि ईमानधारकाला या नियमांची वाट पाहण्याची गरज नाही. कंपनीचे यंत्र चुकू शकते. उच्चारलेल्या प्रत्येक शब्दाजवळ एक जागरूक निरीक्षक असतो, हे सूरह काफच्या १८ व्या आयतीत सांगितलेलेच आहे.

नोकरी करणाऱ्याने काय करावे?

हा सर्वांत कठीण भाग आहे. आदेश मालकाचा आणि हात नोकराचा. सूरह अल्-माइदाच्या दुसऱ्या आयतीत पुण्य व ईशपरायणतेच्या कामी सहकार्य करण्याचा आणि पाप व अत्याचाराच्या कामी सहकार्य न करण्याचा आदेश आहे. म्हणून "मला सांगितले ते मी केले" एवढ्याने जबाबदारी संपत नाही. तथापि घरातील चूल पेटती ठेवणाऱ्या माणसाला "उद्याच नोकरी सोड" असे मिंबरवरून सांगणे सोपे असते. मी तसे सांगितले नाही.

मी त्याला प्रथम माझी गोष्ट सांगितली. मग म्हटले, "हाक खोटी आहे ती मूठ रिकामी म्हणून. मूठ भरून दाखव. मालकाकडे तक्रार घेऊन जाऊ नकोस, योजना घेऊन जा." आम्ही दोघांनी बसून ठरवले, की "दहावी निकाल" या शब्दांनी येणाऱ्या मुलाला मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर निकाल कसा पाहावा, आसनक्रमांकाबरोबर काय लागते, गुणपडताळणीचा अर्ज कसा करावा, पुरवणी परीक्षा कशी असते, अकरावी आणि आयटीआयच्या प्रवेशाला कोणती कागदपत्रे जमवावीत, हे सारे एका पानावर द्यावे. शब्द तेच राहतील. पण आता ते खरे ठरतील.

आदरणीय जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी प्रेषितांच्या हाती नमाज, जकात आणि प्रत्येक मुस्लिमाचे हितचिंतन यांची बैअत केली होती. प्रेषितांनी दीन म्हणजेच हितचिंतन असे सांगितले. आपला मालक, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याला चुकीपासून वाचवणे हेही हितचिंतनच आहे.

राहिला पूर्वीच्या कमाईचा प्रश्न. इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात कापडाचा व्यापार करीत. एका वस्त्रात दोष होता. तो ग्राहकाला सांगूनच विकण्याची सूचना त्यांनी आपल्या भागीदाराला दिली होती. भागीदार सांगायला विसरला आणि ग्राहकही सापडेना. तेव्हा इमामसाहेबांनी त्या विक्रीची सारी रक्कम सदका करून टाकली. हा तक्व्याचा उच्च दर्जा आहे. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते, म्हणून ज्यांच्या वेतनात असा अंश मिसळला आहे त्यांनी सर्व तपशील सांगून जाणत्या मुफ्तीसाहेबांचा सल्ला घ्यावा. तौबा मात्र कोणाच्याही सल्ल्यासाठी थांबू नये.

त्या तरुणाच्या मालकाने एका संकेतस्थळापुरती योजना मान्य केली, बाकीच्या ठिकाणी नाकारली. ते काम तो आता करीत नाही. त्यामुळे त्याच्या वेतनात कपात झाली आहे आणि तो दुसरी नोकरी शोधत आहे. अल्लाहचे भय बाळगणाऱ्यासाठी तो मार्ग काढतो आणि कल्पनाही नसते तेथून उपजीविका देतो, हे सूरह अत्-तलाकच्या दुसऱ्या व तिसऱ्या आयतींतील वचन त्याच्या पाठीशी आहे. वाचकांनी त्याच्यासाठी दुआ करावी, आणि ज्यांच्या हाती काम देणे आहे त्यांनी अशा तरुणांचा शोध घ्यावा. जो मालकालाही खोटी पाटी लावू देत नाही, त्याच्या हाती तिजोरीची किल्ली द्यायला हरकत नसते.

घरात बसून विचार करण्यासाठी

- आपण व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेल्या संदेशाचा मथळा आणि आतील मजकूर जुळतात का, हे आपण कधी पाहिले आहे का?
- आपल्या दुकानाच्या, वर्गाच्या किंवा संस्थेच्या जाहिरातीत असा एखादा शब्द आहे का, जो वाचून आलेला माणूस निराश होऊन परत जातो?
- लहान मुलाला जवळ बोलावण्यासाठी आज आपण काही देण्याचे कबूल केले होते का? ते दिले का?

शेवटचा प्रश्न लहान वाटेल. पण प्रेषितांनी शिकवण तेथूनच सुरू केली होती. ज्या घरात मुलाला रिकाम्या मुठीने हाक मारली जात नाही, त्या घरातील मूल मोठेपणी जगालाही तशी हाक मारणार नाही.

हे अल्लाह! आमच्या जिभेला, आमच्या लेखणीला आणि आमच्या बोटांना सत्याची सवय लाव. आमच्या हाकेला येणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवण्यापासून आमचे रक्षण कर. आम्हाला हलाल आणि पुरेशी उपजीविका दे. आमीन.